शेवट तोंडानं सांगायचा

इरा, निहाल, परवा तुम्ही फोनवर मला तुमच्या वर्गातला तक्ता दाखवलात. एक पुस्तक वाचलं की एक चांदणी, आणि चांदण्यांची रांग पुरी झाली की पिझ्झा. निहालनं विचारलं, आजी, तुमच्या वेळी असलं काही होतं का. मी 'होतं' म्हणाले आणि विषय बदलला, कारण तेवढ्यात तुमची बस आली आणि ती गोष्ट बसच्या वेळात मावणारी नव्हती. म्हणून आज टेबल आवरून, चष्मा पुसून लिहायला बसले आहे. तुमची आई तुम्हाला वाचून दाखवील. तिलाही यातलं फारसं ठाऊक नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या अमरावतीच्या घरात तीनच माणसं होती. बाबा, त्यांची थोरली विधवा बहीण बनूआत्या, आणि मी. आई दिवाळी झाल्यावर अकोल्याला मामाकडे गेली होती. तिला विश्रांती हवी आहे, एवढंच मला सांगण्यात आलं होतं. तिचं पोट मला दिसत होतं, आणि दिसलेल्या गोष्टीविषयी विचारायचं नसतं हेही मला कळत होतं. तेव्हाची मोठी माणसं मुलांना सुपारी देत नसत, चहा देत नसत आणि बातम्या देत नसत. आई गेल्यावर घराचा आवाजच बदलला. पहाटे कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा व्हायचा तो तसाच, टांगेही तसेच जायचे, पण चुलीशी बांगड्यांचा आवाज नव्हता. आत्या सोवळ्यात, न बोलता स्वयंपाक करायची. तिची कढी आंबट असायची, भाकरी जाड. गोळाभातावर, म्हणजे बेसनाचे गोळे घालून शिजवलेल्या भातावर, ती तेलाची फोडणी इतकी जपून घालायची की गोळे घशात अडकायचे. आई असती तर पळीभर तेल माझ्या ताटात जास्त आलं असतं, असा विचार रोज जेवताना मनात यायचा आणि मी तो घोटभर पाण्याबरोबर खाली ढकलायची.

आत्या वाईट नव्हती. ती फार भित्री होती, आणि तिनं तिची सगळी भीती मला नीट घडी घालून दिली. आमच्या घरात वाईट शब्द उच्चारायचा नाही असा तिचा नियम होता. घराची वास्तू म्हणजे ऐकणारी असते. आपण बोलतो ते ती ऐकते आणि 'तथास्तु' म्हणते. दिवेलागणीला तर अधिकच. तांदूळ संपले म्हणायचं नाही, वाढले म्हणायचं. बांगडी फुटली नाही, वाढवली. मी एकदा खेळताना 'मी मेले' म्हणाले तर आत्यानं माझ्या तोंडावर हात दाबून धरला. "पोरी, छपराखाली बोलून राहिली तू. वरती कोणीतरी ऐकते." मी वर पाहिलं. वाशांवर काजळी होती आणि एक पाल होती. त्या दिवसापासून मला आमच्या छपराची भीती वाटू लागली.

मग एका सकाळी मामाकडचा माणूस आला. मी ओसरीवर पाटी पुसत बसले होते. तो फाटकाच्या आत आला नाही. आमच्या घरी पोस्टमनसुद्धा गुळाचा खडा आणि पाणी घेतल्याशिवाय जात नसे, पण आत्या दारातून त्याला बघून तशीच उभी राहिली, पाण्याला आत गेली नाही. बाबा कोर्टात जायला निघाले होते, काळा कोट अंगात होता. ते फाटकापाशी गेले. माणूस हळू बोलला. बाबांनी मान हलवली, माघारी आले, आणि घरात न येता सरळ मागच्या विहिरीवर गेले. मी ओसरीच्या कडेनं मागे गेले. त्यांनी बादली भरली आणि कोटासकट, बुटासकट डोक्यावर ओतली. मग दुसरी ओतली.

तुम्हाला हे विचित्र वाटेल. मला वाटलं नाही, आणि तीच अडचण होती. आधीच्या वर्षी बाबांचे चुलते गेल्याची बातमी आली तेव्हाही त्यांनी अशीच नेसत्या कपड्यांनिशी अंघोळ केली होती, आणि बातमी आणणारा असाच बाहेरच्या बाहेर परतला होता. आपलं माणूस गेल्याचं कानावर आलं की हे करायचं असतं, हे आत्यानंच मला तेव्हा समजावलं होतं. बाबा त्या दुपारी अकोल्याला गेले. देवांना आमच्यापैकी कुणी फूल वाहिलं नाही. शेजारच्या काकू आमच्या देवांची पूजा करून जाऊ लागल्या. चार दिवसांनी बाबा परत आले तेव्हा मी विचारलं, "आई कशी आहे?" ते ताटाकडे बघत म्हणाले, "बरी आहे." आत्या म्हणाली, "येईल संक्रांतीपर्यंत. तू जेव."

मला जो प्रश्न विचारायचा होता तो हा नव्हता. खरा प्रश्न माझ्या जिभेवर दिवसभर असायचा, पण तो विचारायचा म्हणजे ते दोन शब्द छपराखाली बोलायचे. आई जिवंत असेल आणि मी ते बोलले, आणि वरती कुणी ऐकलं, तर? म्हणून मी तोंड मिटून राहिले. झोपताना ओठांवर हात ठेवून झोपायची, झोपेत बोलले तर काय, म्हणून. मी पुढे इंग्रजी शिकले, शिकवलं, विज्ञानाची पुस्तकं वाचली, पण त्या वयातल्या भीतीला कुठलंच पुस्तक लागू पडत नाही. अजूनही तुमचा फोन अवेळी वाजला तर मी घेताना 'काय झालं' म्हणत नाही. 'बोल' म्हणते.

त्याच महिन्यात शाळेत वाचनवेल लागली. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, नव्या आल्या होत्या. उंच, सुती पातळाच्या निऱ्या सुरीसारख्या, मूळच्या अकोल्याच्या. शाळेत पुस्तकांचं एक कपाट होतं, ते आजवर कुलूपबंद असायचं कारण मुलं पुस्तकं मळवतात. बाईंनी कुलूप काढलं. चौथीच्या वर्गाच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी बांधली आणि सांगितलं, जो पुस्तक वाचून त्याची गोष्ट सगळ्यांपुढे सांगेल त्याच्या नावाचं हिरवं कागदी पान या वेलीवर लागेल. ज्यांची दहा पानं होतील त्यांना संक्रांतीनंतर त्या स्वतः रेल्वेनं अकोल्याला नेतील. मोठं वाचनालय, किल्ला, आणि त्यांच्या भावाच्या घरी जेवण.

वर्गात गलका झाला. त्यातल्या कित्येकांनी रेल्वे फक्त लांबून पाहिली होती. मला फक्त 'अकोला' ऐकू आलं. मामाचं घर स्टेशनपासून लांब नव्हतं, मला रस्ता येत होता. मी जाईन, बघेन, आणि एक शब्दही न बोलता मला कळेल.

पहिल्या आठवड्यात मुलांनी बाईंना फसवायचा प्रयत्न केला. माझ्या शेजारी शेवंता बसायची, तिच्या घरची शेती होती, बोलणं एकदम रोखठोक. तिनं एका राजाच्या पुस्तकाची गोष्ट नुसती चित्रं पाहून सांगितली.

"मंग राजा रागावला," शेवंता म्हणाली.

"का रागावला?" बाईंनी विचारलं.

"त्याच्या मिशाच तशा हायेत, बाई."

सगळे हसले. बाईही हसल्या, आणि त्याच दिवशी त्यांनी नियम केला. गोष्टीची सुरुवात कुणीही सांगतो, म्हणून आता शेवट सांगायचा. आपल्या तोंडानं, मोठ्यानं, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा. बाईंनी कपाटातलं प्रत्येक पुस्तक वाचलेलं होतं. पुस्तक निवडायची मुभा नव्हती, ओळीनं हाताला येईल ते घ्यायचं, आणि ते सांगून झाल्याशिवाय दुसरं नाही. नाहीतर सगळ्यांना पातळच पुस्तकं हवी असतात.

मी वाचत सुटले. घरी वाचताना भीती वाटायची, कारण कुठल्या पानावर काय निघेल ते सांगता येत नाही आणि वाचताना माझे ओठ हलायचे. म्हणून मी विहिरीपलीकडे, उघड्यावर, चिंचेच्याही सावलीबाहेर उन्हात बसून वाचायची. आत्या हाका मारायची, "काळी पडून राहिली तू, आत ये." मी ऐकलं नसल्यासारखं करायची. माझी पानं वेलीवर वाढत गेली. शेवंताची तीनच होती. ती म्हणायची, "कावून इतकं वाचतं वं? पोट दुखन तुयं."

संक्रांत झाली. आई आली नाही. आत्यानं तिळगूळ केला, वड्या नीट थापल्या गेल्या नाहीत, चुरा झाला. "शिमग्याला येईल," आत्या म्हणाली.

मला दहाव्या पानाला जे पुस्तक मिळालं ते तपकिरी कव्हरचं होतं, कुंभाराच्या मुलीचं. मी ते शुक्रवारी उन्हात बसून वाचलं. मुलगी आईबरोबर चिखल तुडवते, मडकी थापायला शिकते. मग आईला ताप येतो. मी तिथं थांबले. पुढे वाचायला नको होतं, पण न वाचता शेवट सांगता येणार नव्हता, आणि शेवट सांगितल्याशिवाय पान नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पानं मोजायचा शेवटचा दिवस होता. मी वाचलं. पुस्तकातली आई तापात जाते आणि मुलगी स्वतः आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, पेटवते. शेवटच्या चित्रात एकटीच मुलगी होती, आव्यापुढे.

त्या दिवशी मी जेवले नाही. पोट दुखतं म्हणून सांगितलं. आत्यानं ओवा दिला.

शनिवारी सकाळची शाळा. बाकांवर सगळी मुलं, पुढे बाईंची खुर्ची, खिडकीतून आलेलं थंड ऊन. माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले, चिखल, चाक, मडकी सगळं सांगितलं. माझा आवाज मला लांबून येत होता. वर पाहायचं नाही असं मी ठरवलं होतं, तरी पाहिलं. शाळेचं छप्पर कौलारू होतं, आमच्यापेक्षा मोठं.

"मग तिच्या आईला ताप आला," मी म्हणाले.

"मग?"

"मग ती बरी झाली. मग त्या दोघींनी मिळून आवा पेटवला."

बाईंनी कपाळाला आठी घातली नाही. नुसतं पाहिलं. "असं नाहीये पुस्तकात, निमा."

मागून कुणीतरी म्हणालं, "थापा मारून राहिली ते, बाई, वाचलंच नाई तिनं."

"वाचलं तिनं," शेवंता उठून म्हणाली. "मले काल अर्धं सांगतलं."

"अर्धंच ना."

"शेवंता, बस," बाई म्हणाल्या. "निमा, तू शेवट वाचलास का?"

"हो."

"मग सांग."

वेलीवरची माझी नऊ पानं वाऱ्यानं हलत होती, दहावं बाईंच्या मांडीवर होतं, माझं नाव घातलेलं. ते मिळालं नाही तर अकोला नाही. आणि मिळवायचं तर ते वाक्य बोलायचं, इथं, मोठ्यानं, शेवटच्या बाकापर्यंत.

"येत नसेल तर तसं सांग. पुढच्या वेळी सांगशील."

"येतं," मी म्हणाले. "इथं नाही सांगता येत."

"मग कुठं सांगता येतं?"

"बाहेर. छपराखाली नाही."

मुलं हसायच्या बेतात होती. बाईंनी हात वर केला आणि हसू जिथल्या तिथे थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकदा वर कौलांकडे. त्या अकोल्याच्या होत्या, त्यांच्याही घरी एखादी आत्या असणार. त्या उठल्या, आपली खुर्ची स्वतः उचलली आणि दाराबाहेर गेल्या. जाताना शेवंताला म्हणाल्या, "वर्ग सांभाळ. कोणी बाहेर यायचं नाही."

मैदानात कडुलिंब होता. त्या त्याच्याकडे निघाल्या, पण मी थांबले, तेव्हा त्याही थांबल्या आणि खुर्ची भर उन्हात मांडली. वर आभाळाशिवाय काही नव्हतं. मी बुटांकडे पाहत म्हणाले, "तिची आई मेली. मग तिनं एकटीनं आवा पेटवला."

काही झालं नाही. रस्त्यावरून कापसाची गाडी करकरत गेली. बाई म्हणाल्या, "बरोबर." मग आवाज न बदलता विचारलं, "घरी कोण आजारी आहे?"

"आई अकोल्याला आहे."

"आजारी आहे?"

"मला माहीत नाही ती आहे का."

मला वाटलं होतं मी रडेन. मी रडले नाही. मला ओकारी आली, रिकाम्या पोटी, बाईंच्या पायाशी. त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं. त्या पदराला खडूचा वास होता. दहावं पान वेलीवर लागलं की नाही ते मला आज कितीही आठवलं तरी आठवत नाही. लागलं असावं, बाई नियमाच्या पक्क्या होत्या.

शाळा सुटल्यावर त्या माझ्याबरोबर घरी आल्या. मुख्याध्यापिका भर दुपारी दारात पाहून आत्या इतकी घाबरली की पाण्याचा तांब्या तिच्या हातून कलंडला. बाबा कोर्टातून नुकतेच आले होते. त्यांचं आणि बाईंचं बोलणं ओसरीवर झालं, मला आत बसवलं होतं. मला बाईंचा आवाज ऐकू येत होता, शब्द नाहीत. मध्येच फक्त खुर्ची मागे सरकल्याचं ऐकू आलं.

बाई गेल्यावर बाबा आत आले आणि माझ्यापुढे जमिनीवर उकिडवे बसले. हे त्यांनी कधी केलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि मी पाहिलं, त्यांची नजर क्षणभर वर वाशांकडे गेली. माझे बाबा इंग्रजीत वाद घालणारे वकील होते. ते म्हणाले, "आई बरी आहे, बेटा. उद्या आपण दोघं अकोल्याला जाऊ." 'बरी आहे' मी हिवाळाभर ऐकत होते. आणि नजर वर गेलेली मला दिसली होती. त्यामुळे माझी उरलीसुरली आशाही संपली.

बडनेऱ्याहून पॅसेंजर घेतली. मूर्तिजापूरला गाडी खूप वेळ थांबली. पलीकडच्या रुळावर शकुंतलेचे, म्हणजे अरुंद रुळांवरच्या छोट्या आगगाडीचे, डबे उभे होते, आणि बाबा मला ते दाखवत होते, इंजिन बघ, किती लहान. त्यांनी संत्री घेतली, सोलून, शिरा काढून एकेक फोड माझ्या हातात दिली. मी फोडी मुठीत धरून बसले. रस कोपरापर्यंत आला. बोरगावनंतर मी खिडकी सोडली आणि डोळे मिटून घेतले. मला अकोला येऊच नये असं वाटत होतं. जोपर्यंत पोचत नाही तोपर्यंत ती असण्याची थोडी जागा होती.

मामाच्या दारात मामी आली. तिनं माझ्या पायावर पाणी घातलं आणि माझ्या चेहऱ्याकडे न बघता म्हणाली, "आतल्या खोलीत जा. हळू बोल." मी बोळातून गेले. ओव्याच्या धुरीचा वास येत होता, शेगडीचा वास. बाळाचा आवाज नव्हता. खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. मी उंबऱ्याशी उभी राहिले.

"ये ना," आतून आवाज आला. "काहून थांबली?"

आवाज आईचा होता, पण इतका बारीक की मला खात्री वाटेना. मी आत गेले. रजईखाली ती होती. गाल बसलेले, केस एका वेणीत, डोळे फार मोठे. मी तिच्या हाताला बोट लावलं. हात तापला होता.

बाबा माझ्या मागे दारात येऊन उभे होते. "तिला तू काही सांगू नको आत्ता," ते हळूच आईला म्हणाले. "तुला त्रास होईल."

"न सांगून काय झालं ते बाईंकडून कळल्याचं तुम्हीच तारेत लिहिलंत ना," आई म्हणाली. मग मला जवळ ओढून, छपराखाली, दिवेलागणीच्या वेळी, माझ्याकडे सरळ बघत तिनं सांगितलं, "बाळ झालं होतं. तुझा भाऊ. तो जन्मताच मेलेला होता. बाबांनी अंघोळ केली ती त्याच्यासाठी. मला ताप आला, तो अजून उतरला नाही. आता काय विचारायचं ते विचार."

मी वर पाहिलं. तिनं माझी हनुवटी धरून खाली आणली.

"विचार."

"तू मरशील का?"

मामीनं बाहेर भांडं आपटलं. बाबांनी 'निमा' म्हटलं. आईनं डोळे मिटले, आणि ती खोटं शोधत नव्हती, खरंच विचार करत होती. मला ते कळलं, आणि म्हणूनच पुढचं उत्तर मी मानलं.

"आज नाही," ती म्हणाली. "उद्याचं उद्या विचार. रोज विचार. मी रोज सांगीन."

मी पंधरवडाभर तिथं राहिले. रोज सकाळी मामी चहा घेऊन यायच्या आधी मी तिच्या उशाशी जाऊन तेच विचारायची. ती डोळे मिटायची, आत कुठेतरी चौकशी करून आल्यासारखी थोडी थांबायची, आणि मग सांगायची, "आज नाही." काही सकाळी ते उत्तर यायला फार वेळ लागायचा.